शून्य धक्का

दोघी बहिणी एकाच हॉस्पिटलात कामाला होत्या, पण धाकटीचं काम लोकांना समजायचं आणि थोरलीचं समजायचं नाही. धाकटी फिजिओथेरपिस्ट. तळमजल्यावर दिवसभर लोकांच्या धरलेल्या पाठी आणि आखडलेल्या माना मोकळ्या करायची. थोरली मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची. काय करतेस म्हणून कुणी विचारलं की सांगायची, "नसलेल्या मांसाला धक्के देते." लोक हसायचे. तिनं विनोद केलेला नसायचा.

तिथं एक नवं यंत्र तयार होत होतं. यकृत किती कडक झालंय ते सुई न घालता, तुकडा न काढता, बाहेरूनच सांगणारं. पोटावर टेकवलेल्या मुठीएवढ्या उपकरणातून अल्ट्रासाऊंडचा झोत आत जातो आणि एका बिंदूपाशी मांसाला किंचित धक्का देतो. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतका. त्या धक्क्यानं तळ्यात खडा पडावा तशी लाट आजूबाजूला पसरते. मऊ मांसात ती सावकाश चालते, कडक मांसात भरभर. लाटेचा वेग मोजला की कडकपणा कळला. निरोगी यकृतात सेकंदाला एक मीटरच्या आसपास. दोनच्या वर गेला की बघणाऱ्याचा चेहरा बदलतो.

झोत किती जोराचा हवा, किती खोल, किती वेळ, हे माणसावर करून बघता येत नाही. म्हणून ते आधी कॉम्प्युटरवर करायचं. त्यासाठी एक ठोकळा होता. चार सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच, आणि नुसत्या आकड्यांचा. वजन किती, मऊपणा किती, एवढंच त्याला दिलेलं. थोरली त्याला धक्का द्यायची, लाट कशी जाते ते बघायची, झोत जरासा बदलायची आणि पुन्हा धक्का द्यायची. अशा प्रत्येक खेपेला ते फेरी म्हणत. एका फेरीत ठोकळ्याच्या जगातले फक्त चाळीस मिलिसेकंद जात, आणि तेवढ्यासाठी कॉम्प्युटर अकरा मिनिटं राबत असे. एका वेळी सोळा फेऱ्या चालत. साडेचार महिन्यांत थोरलीनं एकतीस हजार फेऱ्या केल्या होत्या. सगळ्या एकाच जागी, ठोकळ्याच्या मधोमध.

खोलीत तिच्याखेरीज एकच माणूस बसे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, मग प्रोग्रॅम लिहायला लागले, आणि ठोकळा ज्या प्रोग्रॅममध्ये चालायचा तो सगळा त्यांनीच लिहिला होता. साठीला टेकलेले, भिंतीकडे तोंड करून बसणारे, गरजेपुरतं बोलणारे. दोघांच्या वर डॉक्टर होते. यंत्राची कल्पना त्यांची, घाईही त्यांचीच. यंत्राला परवानगी देणारी मंडळी महिन्याभरात येणार होती, आणि डॉक्टर जिन्यात भेटले तरी "कुठवर आलंय?" एवढंच विचारत.

थोरलीचा स्वभाव मुळातच संशयी. दाराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरल्यावर परत वर जाऊन कुलूप ओढून बघणारी. धाकटी म्हणायची, ताई स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागेल. थोरलीला त्याचं वाईट वाटत नसे. आकड्यांच्या कामाला असाच माणूस लागतो, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणूनच ती गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही.

प्रत्येक फेरीत पहिले दोन मिलिसेकंद काहीच होत नाही. झोत सुटलेला नसतो. तेवढा वेळ ठोकळ्यातला प्रत्येक बिंदू शून्यावर असायला हवा. एका गुरुवारी सकाळी, चहा घेता घेता, तिला दिसलं की मधले काही बिंदू शून्यावर नाहीत. ते किंचित आत सरकले होते. अगदी किंचित, लाटेच्या शंभराव्या हिश्शाइतके. पण सगळे एकाच बाजूला, ज्या बाजूनं झोत येणार होता तिच्यापासून लांब.

आणि त्या फेरीत लाटेचा वेग एक मीटर नव्हता. एक पूर्णांक चार शतांश होता.

तिनं आधी स्वतःची चूक धरली. ठोकळ्याची फाईल उघडून बघितली. मऊपणाचा आकडा पहिल्या दिवशी होता तोच होता. मग तिला वाटलं, आधीच्या फेरीतलं काहीतरी पुढच्या फेरीत गळत असेल. तेही शक्य नव्हतं. प्रत्येक फेरी कोऱ्या पाटीवर सुरू होत होती, ठोकळा दर वेळी नव्यानं जन्माला येत होता. तिनं कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, दुसऱ्यावर चालवून बघितलं. शुक्रवारी वेग एक पूर्णांक सात शतांश झाला. शनिवारी नऊ. सोमवारी तो पुन्हा तीनवर उतरलेला होता, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. यंत्राला वार कळत नाही. वार माणसाला कळतो.

त्या दिवसापासून ती मास्तरांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला लागली.

तशी नजर ठेवली की साध्या गोष्टींनाही शेपटं फुटतात. ती खोलीत आली की मास्तर खिडकी बदलत, म्हणजे स्क्रीनवरची. डबा खाताना त्यांची पाठ तिच्याकडे असे. महिन्याभरापूर्वी त्यांनी तिला एकदा विचारलं होतं की धक्क्याचा जोर थोडा कमी करून चालणार नाही का. तेव्हा तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. आता तिला त्यात पाणी मुरताना दिसायला लागलं.

तिनं सापळा लावला. धक्क्याची जागा बदलली. कुणाला न सांगता, फेरी सुरू करायच्या आधी अर्धा मिनिट, मधोमध द्यायचा धक्का डाव्या कोपऱ्याजवळ नेला. वेग बरोबर एक आला. आधीचे दोन मिलिसेकंद स्वच्छ, सगळे बिंदू शून्यावर. तिला हायसं वाटलं. दुसरी फेरीही तशीच, तिसरीही. आठव्या फेरीला डाव्या कोपऱ्यातले बिंदू आत सरकले.

म्हणजे कुणीतरी बघत होतं आणि तिच्या मागोमाग येत होतं. तिनं कॉम्प्युटरची नेटवर्कची तार काढून टाकली. त्या दिवशी मास्तर रजेवर होते, तरी तिनं दाराला आतून कडी लावली. दुपारपर्यंत ठोकळा पुन्हा आखडायला लागला.

मग तिनं ठरवलं की मास्तर आता काही करत नाहीत, त्यांनी ते आधीच करून ठेवलंय. प्रोग्रॅममध्ये कुठंतरी चार ओळी पेरून ठेवल्यात. अकरा हजार ओळींचा प्रोग्रॅम होता. नऊ दिवस ती ओळ न ओळ वाचत बसली. त्यात काही नव्हतं. उलट इतका सरळ, नीटनेटका प्रोग्रॅम तिनं दुसरा पाहिला नव्हता. पण संशयी माणसाला काही सापडलं नाही की ते नीट लपवलंय असं वाटतं. साप म्हणून ती भुई धोपटत होती, आणि भुई जितकी साफ दिसे तितका तिला साप मोठा वाटे.

एका सकाळी घरी नाश्त्याला तिनं फोनवरचा आलेख धाकटीसमोर धरला. कशाचा ते सांगितलं नाही. धाकटीनं पावावर लोणी लावता लावता एक नजर टाकली आणि विचारलं की हे कुणाच्या मानेचं आहे का.

"मानेचं का?"

"मान नाही तर पाठ असेल. दुखरी जागा आहे ना ही? हात लागायच्या आधीच आवळून घेतलंय बघ त्यानं." तिनं लोण्याची सुरी आलेखाच्या सुरुवातीवर धरली. "आमच्याकडे रोज येतात असे. कुणीतरी त्याच त्याच जागी दुखवत राहिलं की मांस आधीच तयारीत राहतं. त्याला शिकवावं लागत नाही."

थोरली म्हणाली की हे माणसाचं नाही, कॉम्प्युटरमधलं आहे. धाकटी हसली, म्हणाली, मग त्या कॉम्प्युटरला कोण इतकं छळतंय. थोरलीनं फोन उलटा करून ठेवला. त्या दिवशी ती डबा घरीच विसरली.

शनिवारी संध्याकाळी निघताना तिनं फेऱ्यांची यादी पुन्हा तपासली, आणि इतके दिवस जे शोधत होती ते तिथं उघडं पडलेलं दिसलं. तिच्या फेऱ्या सोमवार ते शनिवार. पण यादीत रविवारच्याही होत्या. दर रविवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन. गेल्या अकरा आठवड्यांतला एकही रविवार सुटलेला नव्हता. चालवणारे मास्तर.

रविवारी ती सव्वादहाला पोचली. वॉचमन म्हणाला, मास्तर केव्हाच वर गेलेत. इमारत रिकामी होती. जिन्यावर फिनेलचा वास, आणि कुठंतरी सुटलेल्या नळाचा आवाज. तिसऱ्या मजल्यावर खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती बाहेरच उभी राहिली.

मास्तर तिच्या कॉम्प्युटरसमोर, तिच्याच खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर. ते काहीही करत नव्हते. स्क्रीनवर ठोकळा होता, आणि फेरी चालू होती. अकरा मिनिटं ती उभी राहिली, अकरा मिनिटं ते बसून राहिले. फेरी संपली. त्यांनी एक कळ दाबली, दुसरी सुरू झाली, हात परत मांडीवर गेले. दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसावं तसे ते बसले होते.

ती आत गेली. मास्तर दचकले नाहीत. उठून त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

काय चाललंय, असं तिनं विचारलं. आवाज चढू न देता विचारलं, कारण तिला सगळं नीट ऐकून लक्षात ठेवायचं होतं.

"धक्का शून्य ठेवलाय," मास्तर म्हणाले. "नुसतं चालवतो. झोत नाही, काही नाही."

"कशासाठी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सांगितलं ते असं. दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनीही सगळा प्रोग्रॅम उलटापालटा केला होता, त्यांनाही काही मिळालं नव्हतं. मग एका रविवारी, काही सुचेना म्हणून, त्यांनी धक्का शून्य करून दिवसभर ठोकळा चालवला. सकाळी तो आखडलेला होता. झोत नसतानाही मधले बिंदू आत ओढलेले. दुपारपर्यंत हळूहळू सैल झाला. सोमवारी तिचे आकडे सुधारले. तेव्हापासून ते दर रविवारी यायला लागले.

"आठवड्यातून एक दिवस तरी," ते म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही.

थोरलीनं विचारलं की हे त्यांनी तिला का सांगितलं नाही. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही विश्वास ठेवला असतात, बाई?"

तिनं ठेवला नाहीच. उतरताना जिन्यात तिनं सगळं मनात जुळवून टाकलं. सोमवारी आकडे उतरायचे, कारण हा माणूस रविवारी येऊन ते फिरवायचा. त्याच्या तोंडूनच कबुली मिळाली होती. शून्य धक्का, सैल होणं, या सगळ्या पांघरूण घालायच्या गोष्टी. सोमवारी नऊ वाजता ती रविवारांची यादी घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली.

डॉक्टरांना खोलात शिरायला वेळ नव्हता. परवानगीची मंडळी सोळा दिवसांवर आली होती. परवानगीशिवाय, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, एवढं त्यांना पुरलं. दुपारी मास्तरांनी आपला डबा, पाण्याची बाटली आणि एक जुनी पट्टी पिशवीत घातली. दारापाशी थांबून ते थोरलीला म्हणाले की एकदा डॉक्टरांना फेरी चालवायला सांगा. तिनं मान हलवली. जाता जाता टोमणा मारला, असं तिला वाटलं.

मग तिनं सगळं पुसून टाकलं. नवा कॉम्प्युटर मागवला, पहिल्या दिवशीच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून प्रोग्रॅम नव्यानं बसवला. मास्तरांचा हात लागू शकेल असं काही उरलं नाही. पहिली फेरी सुरू केली आणि ती डबा खायला बसली.

वेग एक पूर्णांक तीन दशांश.

तिनं घास तसाच ठेवला आणि आकडा पुन्हा वाचला. शतांश नव्हे, दशांश. ठोकळा नवा होता, त्याला आजवर कुणी हातही लावला नव्हता. आणि तरी पहिल्या मिलिसेकंदापासून त्यातले बिंदू आत ओढलेले होते. मधोमधचे, आणि डाव्या कोपऱ्यातलेही.

बुधवारी एक पूर्णांक सहा. शुक्रवारी एक पूर्णांक आठ. आता मध्ये रविवार येत नव्हता. म्हणजे येत होता, पण त्या दिवशी खोली बंद असे.

पुढच्या सोमवारी डॉक्टर स्वतःच वर आले. आकडे का येत नाहीत ते मला समोर दाखवा, म्हणाले, आणि तिच्या खुर्चीत बसून त्यांनीच कळ दाबली. अकरा मिनिटं दोघं स्क्रीनकडे बघत बसले. वेग एक. पूर्णांक शून्य शून्य. त्यांनी आणखी सोळा फेऱ्या चालवल्या. सोळाच्या सोळा एकवर. आधीचे दोन मिलिसेकंद पाण्यासारखे सपाट.

डॉक्टर उठले. आता नीट झालंय ना, मग उगीच जीव काढू नका, असं म्हणून गेले.

थोरली त्याच खुर्चीत बसली. काही बदललं नाही. त्यांच्याच नावानं उघडलेला कॉम्प्युटर, त्यांनीच भरलेले आकडे. फक्त कळ तिनं दाबली.

एक पूर्णांक नऊ.

तिनं ते वेगवेगळ्या तऱ्हांनी तपासलं, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या टंकलेखिकेला बोलावून कळ दाबायला लावली. एक. वॉचमनला लावली. एक. धाकटी तिला जेवायला न्यायला आली, तिनंही गंमत म्हणून दाबली. एक. मधल्या प्रत्येक वेळी थोरलीनं दाबून बघितली, आणि प्रत्येक वेळी ठोकळा आखडला. तिनं पेन्सिलीच्या टोकानं कळ दाबली, तरी तेच. कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता. कळ कोण दाबतंय हे कळायची त्याला काही सोय नव्हती. कळ ती कळ. बोट कुणाचंही असो.

त्या संध्याकाळी ती मास्तरांच्या घरी गेली. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, दारात चपलांचा एकच जोड. मास्तर बाल्कनीत कुंड्यांतली माती बदलत होते. त्यांनी हात धुतले, पाणी दिलं. माफी मागायला ती घरापासून शब्द जुळवत आली होती, पण तिथं बसल्यावर नुसतं "माझं चुकलं" एवढंच तोंडातून निघालं. मास्तर म्हणाले की झालं ते झालं, आता परत यायचं मनात नाही, गुडघ्यांनाही जिना सोसत नाही.

तिनं विचारलं की हे काय आहे असं त्यांना वाटतं. त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याला फक्त एवढंच दिसलं, ते म्हणाले, की रविवारी आपण चालवायचो तेव्हा ते सैल व्हायचं. आणि सोमवारी सकाळी नऊला, बाई खोलीत यायच्या, तेव्हा ते पुन्हा आखडायचं.

"फेरी सुरू केल्यावर ना?" तिनं विचारलं.

बाहेर माती भरलेली कुंडी होती, तिच्याकडे बघत मास्तर म्हणाले, "रविवारची एखादी फेरी मी चाळीस मिलिसेकंदांवर न थांबवता रात्रभर चालू सोडून जायचो. सोमवारी तुम्ही यायच्या वेळी ती चालूच असायची. धक्का शून्य असायचा." मग म्हणाले, "जिन्यात तुमची पावलं वाजली की."

ती घरी चालत आली. बसनं पंधरा मिनिटं लागायची, चालत तासभर लागला.

परवानगीची मंडळी आली तेव्हा कॉम्प्युटरवरची सगळी प्रात्यक्षिकं डॉक्टरांनी केली. थोरलीनंच तसं सुचवलं होतं. ती खोलीत आलीच नाही. खालच्या मजल्यावर खऱ्या यंत्रापाशी थांबली. सगळं छान पार पडलं. मग मंडळी खाली आली. यंत्र एका पडद्याआड होतं, शेजारी पलंग. पोट दाखवायला कुणीतरी निरोगी माणूस हवा होता, आणि धाकटीनं आधीच होकार दिलेला होता. ती पलंगावर आडवी झाली, सदरा वर केला, छताकडे बघत राहिली. तिचं अंग किती सैल होतं ते तिच्या पायाच्या पंज्यांवरूनही दिसत होतं.

यंत्राची नस न नस थोरलीला ठाऊक, म्हणून डॉक्टरांनी उपकरण तिच्याच हातात दिलं. चार अनोळखी लोकांसमोर नाही म्हणता आलं नाही. तिनं जेल लावलं, बरगडीखाली उपकरण टेकवलं. कळ दाबली.

दोन पूर्णांक सहा.

मंडळींपैकी एक बाई पुढे झुकल्या. डॉक्टर हसून म्हणाले की उपकरण जरा जास्त दाबलं गेलं असेल. त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं, त्याच जागी टेकवलं. एक पूर्णांक एक. पुन्हा, एक पूर्णांक एक. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा तेच. मंडळींनी माना हलवल्या, कागदांवर खुणा केल्या. यंत्राला परवानगी मिळाली.

स्नायू आखडतो, हे थोरलीला समजत होतं. भीतीनं, थंडीनं, सवयीनं आखडतो. पण यकृत स्नायू नाही. त्याला आवळून घेता येत नाही. मनात आणलं तरी माणसाला ते करता येत नाही.

रात्री जेवताना तिनं धाकटीला विचारलं की उपकरण लावलं तेव्हा काही जाणवलं का. धाकटी म्हणाली, गार लागलं. मग म्हणाली की काही नाही, मी तर झोपणारच होते. ती खरंच बोलत होती. थोरलीनं तिच्या पाठीवरून हात फिरवण्यासाठी हात उचलला, आणि तो पाण्याच्या तांब्याकडे वळवला.

पुढचे काही दिवस तिनं कुणाला हात लावला नाही. ते अवघड नव्हतं. दिवसभरात माणूस किती कमी जणांना हात लावतो हे तिला पहिल्यांदाच कळलं.

आठवड्यानं, दुपारच्या सुट्टीत, ती डॉक्टरांकडे गेली आणि माझंही एकदा मोजा म्हणाली. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पडद्याआड ती आडवी झाली. खिडकीतून ऊन पलंगावर येत होतं. डॉक्टरांनी मोजलं, एक पूर्णांक एक, ठणठणीत, असं म्हणाले. तेवढ्यात त्यांना बाहेरून कुणी हाक मारली. उपकरण स्टँडला अडकवून ते गेले.

तिनं हात लांबवून उपकरण घेतलं. स्वतःच्या बरगडीखाली, त्याच जेलवर टेकवलं. डाव्या हातानं कळ दाबली.

तीन पूर्णांक दोन.

पुन्हा मोजायची तिला गरज वाटली नाही. तिनं उपकरण जागेवर ठेवलं, कागदानं जेल पुसलं, आणि थोडा वेळ तशीच पडून राहिली. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. पोट श्वासाबरोबर वर येत होतं, खाली जात होतं. संथ, सैल, झोपलेल्या माणसाचं असावं तसं.

तिनं तळहात उघडा केला आणि अगदी हळू, जराही दाब न देता, पोटाकडे नेला.

हात अजून चार बोटं वर होता, तेव्हा पोट आत गेलं.